वासुदेव विष्णु मिराशी

महामहोपाध्याय डॉ. वासुदेव विष्णु मिराशी (जन्म : कुवळे, १३ मार्च १८९३, मृत्यू : नागपूर, ३ एप्रिल १९८५) हे संस्कृतचे प्राध्यापक, पुरालेखविद्, नाणकशास्त्रज्ञ आणि प्राचीन भारतीय इतिहासाचे संशोधक होते. वाकाटक, कलचुरी, सातवाहन, पश्चिमी क्षत्रप, नल आणि शिलाहार या राजवंशांच्या इतिहासाची मांडणी त्यांनी ताम्रपट, शिलालेख व नाणी यांच्या आधारे केली. त्यांची बहुतेक कारकीर्द नागपुरात गेली. मराठी, हिंदी व इंग्रजी या तिन्ही भाषांत त्यांनी ग्रंथलेखन केले. भारत सरकारच्या कोरीव लेखांच्या बृहत् मालेतील तीन खंडांचे संपादन त्यांच्या नावावर आहे.

जन्म आणि शिक्षण

मिराशी यांचा जन्म तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील कुवळे या गावी झाला. हे गाव आता सिंधुदुर्ग जिल्ह्यात देवगड तालुक्यात आहे. त्यांचे शिक्षण कोल्हापूर व पुणे येथे झाले. संस्कृत हा त्यांचा मुख्य विषय होता. त्या काळी संस्कृतच्या पदवीधराचा कल काव्य, नाटक, व्याकरण किंवा दर्शने यांच्या अध्यापनाकडे असे. मिराशी यांनीही आरंभ तेथूनच केला. परंतु लवकरच त्यांचे लक्ष ग्रंथांबाहेरच्या संस्कृताकडे, म्हणजे दगडावर, तांब्याच्या पत्र्यांवर आणि नाण्यांवर कोरलेल्या संस्कृत व प्राकृत मजकुराकडे वळले.

अध्यापन

काही काळ मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात अध्यापन केल्यानंतर १९१९ मध्ये ते नागपूरच्या मॉरिस महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. १८८५ मध्ये स्थापन झालेले हे महाविद्यालय पुढे नागपूर महाविद्यालय म्हणून ओळखले गेले व आज ते वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था या नावाने चालू आहे. १९२३ मध्ये नागपूर विद्यापीठाची स्थापना झाल्यावर संस्कृतच्या पदव्युत्तर अध्यापनाची मोठी जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांनी अमरावतीच्या विदर्भ महाविद्यालयाचे प्राचार्यपदही भूषविले. शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृती या विषयाचे मानसेवी प्राध्यापक म्हणून त्यांनी काम केले.

नागपूर ही त्या वेळी मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती. आजच्या विदर्भाबरोबरच महाकोशल आणि छत्तीसगडचा विस्तीर्ण प्रदेश तिच्या कक्षेत येई. शेत नांगरताना, विहीर खणताना किंवा घराचा पाया घालताना सापडलेले ताम्रपट व नाण्यांचे निधी या सर्व भागांतून नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात येत असत. १८६३ मध्ये स्थापन झालेल्या आणि अजबबंगला या नावाने लोकांना परिचित असलेल्या या संग्रहालयामुळे मिराशी यांना संशोधनाची अखंड सामग्री मिळाली.

पुरालेखांचे संपादन

मध्यप्रांतातील कोरीव लेखांची पद्धतशीर सूची प्रथम रायबहादूर हिरालाल यांनी सिद्ध केली. ती १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली व तिची दुसरी आवृत्ती १९३२ मध्ये निघाली. मिराशी यांनी या पायावर पुढचे काम उभारले. एपिग्राफिया इंडिका या नियतकालिकात त्यांनी अनेक लेखांची संपादने प्रसिद्ध केली. भंडारा जिल्ह्यातील पवनी येथील भार राजा भगदत्त याचा शिलालेख, चांदा जिल्ह्यातील देवटेक येथील लेख आणि नाशिकजवळच्या अंजनेरी येथील भोगशक्तीचे ताम्रपट ही त्यांनी संपादित केलेल्या लेखांची काही महत्त्वाची उदाहरणे होत.

कोरीव लेखांच्या बृहत् मालेचा पहिला खंड कनिंगहॅम यांनी १८७७ मध्ये, तर गुप्तकालीन लेखांचा तिसरा खंड फ्लीट यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केला होता. चौथा खंड मिराशी यांचा असून तो कलचुरी-चेदी संवतातील लेखांविषयी आहे. तो १९५५ मध्ये दोन भागांत प्रकाशित झाला. इ.स. २४८-४९ च्या सुमारास सुरू झालेला हा संवत आभीर राजा ईश्वरसेन याने प्रवर्तित केला, असे मत मिराशी यांनी मांडले. त्रैकूटक, माहिष्मतीचे आरंभीचे कलचुरी, त्रिपुरीचे कलचुरी आणि रत्नपूरचे कलचुरी अशा सुमारे एक हजार वर्षांच्या पल्ल्यातील घराण्यांचे लेख या एका संवताच्या सूत्राने त्यांनी एकत्र आणले. पाचवा खंड वाकाटकांच्या लेखांचा असून तो १९६३ मध्ये, तर शिलाहारांच्या लेखांचा सहावा खंड १९७७ मध्ये, त्यांच्या वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, प्रसिद्ध झाला.

वाशीम ताम्रपट आणि वाकाटकांची दुसरी शाखा

१९३९ मध्ये तत्कालीन अकोला जिल्ह्यातील वाशीम येथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचे ताम्रपट उजेडात आले. त्यांचे संपादन मिराशी यांनी दा. ब. महाजन यांच्यासह केले. वंशावळीचा भाग संस्कृतात व दानाचा भाग प्राकृतात असलेल्या या ताम्रपटांनी वाकाटकांच्या इतिहासातील मोठा घोटाळा दूर झाला.

त्यापूर्वी वाकाटकांचे एकच घराणे मानले जात असे. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील वराहदेवाच्या लेखात राजांची जी नावे आहेत, त्यांतील काही अक्षरे झिजली आहेत. ब्यूलर यांनी तेथे विदर्भातील ताम्रपटांवरून माहीत असलेली रुद्रसेन व पृथिवीषेण ही नावे वाचली होती. वाशीमच्या ताम्रपटात मात्र प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन आणि त्याचा पुत्र विंध्यशक्ती असा क्रम स्पष्ट होता. मिराशी यांनी अजिंठ्याच्या लेखाची पुन्हा तपासणी करून तेथील नावे सर्वसेन व विंध्यसेन अशी असल्याचे दाखवून दिले. त्यामुळे नंदिवर्धनची ज्येष्ठ शाखा आणि वत्सगुल्म म्हणजे वाशीम येथील कनिष्ठ शाखा अशा वाकाटकांच्या दोन शाखा निश्चित झाल्या. अजिंठ्याची उत्तरकालीन लेणी ज्याच्या काळात खोदली गेली तो हरिषेण हा वत्सगुल्म शाखेचा होता.

दंडीच्या दशकुमारचरितातील विश्रुताच्या कथेत हरिषेणानंतरच्या वाकाटक सत्तेच्या ऱ्हासाचे प्रतिबिंब पडले आहे, असेही मिराशी यांनी प्रतिपादिले. अजिंठ्याच्या लेण्यांचा कालक्रम मांडताना वॉल्टर स्पिंक यांनी या मताचा मोठा आधार घेतला.

नाणकशास्त्रातील कार्य

मिराशी यांचे नाणकशास्त्रावरील लेख मुख्यत्वे भारतीय नाणकशास्त्र परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नाणे हा त्यांच्या दृष्टीने एक अत्यंत लहान कोरीव लेख होता. लेखाच्या वाचनात जी शिस्त लागते तीच त्यांनी नाण्याच्या वाचनात पाळली : प्रथम अक्षरे, मग भाषा, मग चिन्हे, आणि सर्वांत शेवटी राजाचे नाव व काळ.

तऱ्हाळ्याचा निधी : १९३९ मध्ये अकोला जिल्ह्याच्या मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळे या गावी सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा निधी सापडला. हे गाव आता वाशीम जिल्ह्यात आहे. निधीतील सुमारे दीड हजार नाणी मिराशी यांनी तपासली आणि १९४० मध्ये त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. ही नाणी पोटीन या तांबे, शिसे व कथील यांच्या मिश्रधातूची असून त्यांच्या एका बाजूस सोंड वर केलेला हत्ती व राजाचे नाव, तर दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह आहे.

या नाण्यांच्या वाचनातील अडचण समजून घेण्यासारखी आहे. ठसा मोठा आणि धातूची चकती लहान असल्यामुळे प्रत्येक नाण्यावर पूर्ण लेखाचा काही भागच उमटतो. एकावर नावाचा आरंभ दिसतो, दुसऱ्यावर मधली दोन अक्षरे, तर तिसऱ्यावर केवळ सातकर्णी या पदाचा शेवट. एखाद्याच्या हाती अशी पाच-दहा नाणी आली, तर ती कोणा तरी सातकर्णीची आहेत एवढेच सांगता येते. सर्व नाणी समोर असतील तेव्हाच एकाचा आरंभ दुसऱ्याच्या शेवटाशी जुळवून पूर्ण नाव सिद्ध करता येते. मिराशी यांनी हेच केले. गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी, स्कंद सातकर्णी व विजय सातकर्णी या पुराणांतून परिचित असलेल्या राजांबरोबरच कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी आणि शक सातकर्णी ही नावे या निधीतून पुढे आली. पुराणांच्या यादीत यांचा पत्ता नाही. या राजांचा क्रम आणि काही नावांचे वाचन यांविषयी पुढील अभ्यासकांत मतभेद राहिले. परंतु सातवाहन सत्तेचा शेवटचा टप्पा विदर्भात दीर्घकाळ टिकून होता, हा निष्कर्ष सर्वमान्य झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चांदा जिल्ह्यात सापडलेल्या तशाच नाण्यांचा अर्थही तऱ्हाळ्याच्या निधीमुळे अधिक स्पष्ट झाला.

नल राजांची सुवर्णनाणी : बस्तर संस्थानातील एडेंगा या गावी सापडलेल्या ३२ सोन्याच्या नाण्यांवरील लेख मिराशी यांनी वाचले. वराहराज, भवदत्त आणि अर्थपती या तीन राजांची ती नाणी असून त्यांवर बसलेला नंदी व चंद्रकोर आहे. भवदत्ताने वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन काबीज केल्याचे ऋद्धपूर ताम्रपटावरून माहीत होते. परंतु नलांचे मूळ राज्य कोठे होते याचा ठोस पुरावा नव्हता. नाण्यांच्या सापडण्याच्या ठिकाणाने तो बस्तरकडे निर्देशित केला.

राजा सातवाहन याचे नाणे : सातवाहन असे नाव असलेले एक नाणे प्रसिद्ध करून मिराशी यांनी हा राजाच घराण्याचा मूळ पुरुष असावा, असे मत मांडले. घराण्याचे नाव एखाद्या प्रत्यक्ष पूर्वजावरून पडले असावे, या तर्काला त्यामुळे नाण्याचा आधार मिळाला.

चांदीच्या नाण्यांची परंपरा आणि कृष्णराजरूपक

सातवाहनांच्या रोजच्या व्यवहारातील नाणी तांबे, शिसे व पोटीन यांची होती. दख्खनमध्ये चांदीचे नाणे नियमितपणे पाडले ते पश्चिमी क्षत्रपांनी. या चांदीच्या परंपरेचा मागोवा घेतल्याशिवाय मिराशी यांच्या कलचुरीविषयक संशोधनाचे महत्त्व ध्यानात येत नाही.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन साम्राज्यातून सोन्या-चांदीची नाणी भारताच्या किनाऱ्यावर येत होती. रोमन लेखक प्लिनी याने भारताकडे दरवर्षी जाणाऱ्या कोट्यवधी सेस्टर्सची तक्रार नोंदविली आहे. पेरिप्लस या समुद्रप्रवासाच्या ग्रंथानुसार भडोच म्हणजे भृगुकच्छ बंदरात रोमन नाणी आणल्यास देशी नाण्यांच्या बदल्यात नफा मिळे. डिनेरियस हे रोमनांचे चांदीचे नाणे ऑगस्टसच्या काळात सुमारे ३.९ ग्रॅम वजनाचे होते, इ.स. ६४ मध्ये नीरोने त्याचे वजन व कस दोन्ही घटविले. भारतात मिळालेल्या डिनेरियसांत ऑगस्टस व टायबेरियस यांची नाणी बहुसंख्य आहेत आणि त्यांचे मोठे निधी दक्षिण भारतात, विशेषतः कोइमतूर परिसरात व आंध्र-तेलंगण भागात सापडले आहेत. महाराष्ट्रात रोमन चांदी विरळ आढळते. भृगुकच्छात आलेली रोमन चांदी वितळवून क्षत्रपांनी आपली नाणी पाडली असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. संस्कृतातील दीनार हा शब्दही डिनेरियसवरूनच आला. मात्र भारतात तो सोन्याच्या नाण्यास लागू झाला.

क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांवर राजाचे मुख असून ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी या तीन लिप्यांत लेख आहेत. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे सापडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटविलेला होता. नहपानाच्या पराभवाचा हा सर्वांत बोलका पुरावा ठरला. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात ७०,००० कार्षापणांचे २,००० सुवर्ण होतात असा हिशेब दिला आहे. म्हणजे एका सुवर्णास ३५ कार्षापण हा त्या काळचा दर होता. नहपानानंतरच्या कार्दमक क्षत्रपांनी नाण्यावर राजाच्या मुखामागे शक वर्ष घालण्याची प्रथा पाडली. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या इतिहासावरील मिराशी यांच्या उत्तरायुष्यातील ग्रंथात ही दोन्ही घराणी समोरासमोर ठेवून अभ्यासली आहेत.

क्षत्रपांचे लहान चांदीचे नाणे त्यांच्या सत्तेबरोबर संपले नाही. दुसऱ्या चंद्रगुप्ताने पश्चिम भारत जिंकल्यावर त्याच घाटाची चांदीची नाणी पाडली. त्रैकूटकांनी ती चालू ठेवली. त्यांच्या मागून आलेल्या माहिष्मतीच्या कलचुरी घराण्यातील कृष्णराज याने इ.स.च्या सहाव्या शतकाच्या मध्यास आपली नाणी पाडली. त्यांच्या एका बाजूस राजाचे मुख, तर दुसऱ्या बाजूस नंदी व राजास परममाहेश्वर म्हणणारा ब्राह्मी लेख आहे. ही नाणी पूर्वी राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याची मानली जात. लिपीचे वळण, घाट आणि वजन यांवरून ती त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधीच्या कलचुरी कृष्णराजाची ठरतात, या मताचा मिराशी यांनी पुराव्यांसह पुरस्कार केला. राजपुताना व माळव्यापासून नाशिक, मुंबई व साष्टीपर्यंत आणि पूर्वेस अमरावती जिल्ह्यातील धामोरीपर्यंत ती सापडली आहेत. या प्रसारावरून कृष्णराजाच्या राज्याच्या व व्यापाराच्या विस्ताराची कल्पना येते.

याच संदर्भात अंजनेरीच्या ताम्रपटाचे महत्त्व आहे. कलचुरी संवत ४६१ म्हणजे इ.स. ७१० च्या सुमारास दिलेल्या या दानपत्रात रकमांचा उल्लेख कृष्णराजरूपक या नाण्यांत केलेला आहे. कृष्णराजाच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ, त्याचे घराणे लयास जाऊन चालुक्यांची सत्ता आल्यावरही, नाशिक परिसरातील लोक त्याच्याच नावाच्या रुपयांनी व्यवहार करीत होते. नाणे केव्हा पाडले हे नाण्यावरून कळते. ते किती काळ चालले हे मात्र अशा लेखावरूनच कळू शकते. ताम्रपट आणि नाणी ही दोन साधने एकाच अभ्यासकाच्या हाती असल्याचा लाभ येथे स्पष्ट दिसतो.

निधी, संग्राहक आणि लिलाव

ब्रिटिश काळात नाण्यांचे निधी १८७८ च्या निखात निधी कायद्याखाली येत. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक होते. प्रत्यक्षात पुष्कळ निधी सोनाराच्या मुशीत जात. सापडणाऱ्याला सरकारदरबारी जाण्यापेक्षा धातूचे पैसे ताबडतोब मिळणे सोयीचे वाटे. चांदी-सोन्याची नाणी यामुळे सर्वाधिक नष्ट झाली. तऱ्हाळ्यासारखे पोटीनचे निधी मोठ्या संख्येने वाचले, याचे एक कारण त्या धातूला फारशी किंमत येत नसे हेही आहे.

दुसरा मार्ग संग्राहकांकडे जाणारा होता. नाणी जमविण्याचा छंद भारतात जुना असून भाऊ दाजी लाड व भगवानलाल इंद्रजी यांच्यासारख्या विद्वानांनी आपल्या संग्रहांतूनच पश्चिम भारताच्या इतिहासाची आरंभीची मांडणी केली. संग्राहकामुळे नाणे मुशीतून वाचते, हे मान्य करावे लागते. तथापि निधी फोडून त्यातील निवडक, ठसठशीत नाणी विकली गेली की ते कोठे, कशाबरोबर व किती संख्येने सापडले ही माहिती लुप्त होते. रोमन डिनेरियस असो वा क्षत्रपाचा द्रम्म, लिलावाच्या यादीत त्याचे वजन, कस व स्थिती नोंदविली जाते; गावाचे नाव बहुधा नसते. डिनेरियसवर सम्राटाचे पूर्ण नाव व पदव्या असल्याने ठिकाण हरवले तरी त्याची ओळख पटते. विदर्भातील सातवाहन नाण्याचे तसे नाही. एडेंगाची नाणी गावाच्या नावाविना बाजारात आली असती, तर नलांचे स्थान त्यांवरून ठरविता आले नसते. तऱ्हाळ्याचा निधी शंभर घरांत विखुरला असता, तर कुंभ सातकर्णीचे नाव जुळले नसते.

स्वातंत्र्यानंतर १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूंत समाविष्ट झाली व त्यांच्या निर्यातीवर बंधन आले. देशांतर्गत खरेदी-विक्री व लिलाव मात्र चालू असून प्राचीन नाण्यांचे संग्राहक नागपुरातही आहेत. निधीचा वृत्तांत तो विखुरण्यापूर्वी प्रसिद्ध व्हावा, ही मिराशी यांच्या पिढीने रूढ केलेली पद्धत या पार्श्वभूमीवर आजही मार्गदर्शक मानली जाते.

कालिदास आणि रामगिरी

मिराशी यांचा कालिदासावरील मराठी ग्रंथ १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला व पुढे त्याची हिंदी आवृत्तीही निघाली. कालिदास हा दुसऱ्या चंद्रगुप्ताच्या आश्रयास होता आणि वाकाटकांच्या दरबाराशी त्याचा संबंध आला होता, असे त्यांचे मत होते. चंद्रगुप्ताची कन्या प्रभावतीगुप्ता ही वाकाटकांची राणी होती. तिचा ऋद्धपूर ताम्रपट रामगिरीस्वामीच्या पायांपासून दिलेला आहे. यावरून मेघदूतातील यक्षाचे वास्तव्यस्थान असलेला रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक होय, हे मत मिराशी यांनी भूगोल, पुरालेख व काव्यातील मार्गवर्णन यांची सांगड घालून मांडले. हा मान चित्रकूट व सरगुजा जिल्ह्यातील रामगड यांना देणारी मतेही आहेत. तथापि रामटेकचा पक्ष मिराशी यांच्या मांडणीने बळकट झाला. रामटेक येथे १९९७ मध्ये कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालयाची स्थापना झाली.

संस्थात्मक कार्य

नागपूर येथील विदर्भ संशोधन मंडळाशी मिराशी यांचा निकटचा संबंध होता. त्यांचे मराठी शोधनिबंध संशोधन-मुक्तावलि या मालेत मंडळाने प्रसिद्ध केले. मालेच्या प्रत्येक भागास त्यांनी सर असे नाव दिले. नवा ताम्रपट किंवा नवे नाणे यांविषयीचा निबंध इंग्रजी नियतकालिकात गेला तरी त्याचे सार मराठी वाचकांपर्यंत पोहोचावे, हा त्यांचा प्रयत्न राहिला. अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले.

मतभेद आणि उत्तरकालीन संशोधन

मिराशी यांची काही मते पुढे वादाचा विषय झाली. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्धा जिल्ह्यातील पवनार, हे त्यांचे समीकरण बराच काळ मान्य होते. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठाने पवनार येथे उत्खनन केले. रामटेकजवळच्या मनसर येथील उत्खननात वाकाटककालीन भव्य वास्तू उघडकीस आल्यानंतर काही अभ्यासकांनी प्रवरपूरचे स्थान मनसर येथे मानले. वाकाटकांची स्वतःची नाणी मिराशी यांच्या काळी ज्ञात नव्हती. पुढे विदर्भात मिळालेली काही तांब्याची नाणी अजय मित्र शास्त्री प्रभृती संशोधकांनी वाकाटकांची म्हणून मांडली. सातवाहनांच्या अखेरच्या राजांचा क्रम, तसेच कलचुरी संवताचा प्रवर्तक यांविषयीही चर्चा चालू आहे. या बहुतेक चर्चांत मिराशी यांनी प्रसिद्ध केलेले मूळ वाचन हेच विवेचनाचा आरंभबिंदू असते.

सन्मान

१९४१ मध्ये त्यांना महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. विद्यापीठांनी त्यांना सन्माननीय डी.लिट्. पदव्या दिल्या. १९७५ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

निधन

वार्धक्यातही त्यांचे लेखन थांबले नाही. शिलाहार आणि सातवाहन-क्षत्रप यांवरील त्यांचे मोठे ग्रंथ ऐंशी वर्षांनंतरचे आहेत. ३ एप्रिल १९८५ रोजी वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी नागपूर येथे त्यांचे निधन झाले.

ग्रंथसंपदा (निवडक)

मराठी
- कालिदास (१९३४)
- वाकाटक नृपति आणि त्यांचा काल (१९५७)
- कलचुरि नृपति आणि त्यांचा काल
- मेघदूतातील रामगिरि अर्थात् रामटेक
- शिलाहार राजवंशाचा इतिहास आणि कोरीव लेख (१९७४)
- सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख (१९७९)
- संशोधन-मुक्तावलि (अनेक सर)

इंग्रजी (विषयानुसार)
- कलचुरी-चेदी संवतातील कोरीव लेख, दोन भाग (१९५५)
- वाकाटकांचे कोरीव लेख (१९६३)
- शिलाहारांचे कोरीव लेख (१९७७)
- भारतविद्याविषयक निबंधांचे चार खंड
- भवभूतीचा काळ, चरित्र व वाङ्मय